डाव्या सीटखालचा झेंडू

वलगावात कुणाची गाडी रुसली, की लोक आधी गोवर्धनला बोलवत आणि मग मेकॅनिकला. गोवर्धन हा फुलांची शेती करणारा माणूस. झेंडू, शेवंती, निशिगंध लावायचा, पहाटे तोडायचा आणि अमरावतीच्या फुलबाजारात नेऊन विकायचा. गाडीच्या विद्येशी त्याचा संबंध एवढाच, की त्याच्याकडे एक जुनी व्हॅन होती आणि दोन कान होते. पण त्या कानांवर त्याचा भारी भरवसा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून, मूठ कानाशी धरून, डोळे मिटून तो असा काही उभा राहायचा, की आजूबाजूची माणसं आपोआप हळू बोलायला लागत.

बरं, नुसत्या थापा मारायचा असंही नाही. सुरू करताना किंचाळणारी गाडी आली, की पट्टा सैल झालाय हे तो लांबूनच सांगे. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, की पॅड संपलेत, आजच बदल, असं दटावे. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायला निघालेल्या एका माणसाचा हात त्याने वरच्यावर धरला होता, आणि त्या एका प्रसंगाच्या जोरावर त्याने गावात पुढे बरीच वर्षं भाव खाल्ला. निम्म्या वेळा त्याचं निदान बरोबर निघे. उरलेल्या निम्म्या वेळा गाडीवाला गुपचूप अमरावतीला जाऊन काम करून घेई आणि गोवर्धनला वाईट वाटू नये म्हणून बोलत नसे. हे गोवर्धनला फार उशिरा कळलं. आता मात्र ही सगळी हकीकत तोच सांगतो, फुलांच्या ढिगाशी बसून, गिऱ्हाइकाला हार गुंफून देता देता. सांगताना स्वतःची पुरती धुलाई करतो, आणि घरचं दुसरं कुणी सांगताना त्यातलं काही गाळलं तर मध्येच थांबवून भर घालतो.

त्याची व्हॅन घरची आणि धंद्याचीही. पुढे दोन सीटा, मधे एक बाक, मागे फुलांसाठी मोकळी जागा. पोरगी रागिणी अमरावतीला कॉलेजात होती तेव्हा ह्याच गाडीतून जायची. मागे झेंडूचे ढीग, मधे ही पुस्तक घेऊन. वर्गात शिरताना केसांत पाकळ्या अडकलेल्या असत आणि मैत्रिणी हसत. फुलं सुकू नयेत म्हणून गोवर्धन ती ओल्या गोणपाटात ठेवायचा आणि निघताना वरून झारीने पाणी मारायचा. बाजारात पोचल्यावर पुन्हा एकदा मारायचा. फूल टवटवीत दिसलं तरच गिऱ्हाईक थांबतं, हे त्याचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं.

पण लोकांच्या गाड्यांची दुखणी सांगणाऱ्या ह्या माणसाच्या दारातली गाडी कायमची आजारी. तिचा हॉर्न दम्याच्या माणसासारखा वाजे. उजवीकडे वळायचा दिवा लावला की वायपर मधेच थबके आणि दिवा बंद केला की पुन्हा चालू होई. हेडलाइट लावले की मीटरचा काटा मान टाकी. आणि कधीकधी, विशेषतः घाई असली की, चावी फिरवल्यावर नुसतं एक ‘टक्’ व्हायचं आणि पुढे सगळी शांतता. मग वलगावची चार माणसं मागून धक्का देत. धक्का देणाऱ्यांत एकदा सरपंचही होते, आणि तेव्हाही गोवर्धन खिडकीतून मान काढून ‘अजून जोर लावा’ म्हणून सूचना देत होता.

त्याने उपाय काय कमी केले? हॉर्न बोंबलला, नवा हॉर्न बसवला. वायपर अडला, मोटर बदलली. ‘टक्’ झालं, स्टार्टर खोलून घेतला. बॅटरी बदलली, मग ती दुकानदाराने फसवून दिली असं ठरवून परत बदलली. ह्या गाडीत बॅटरी डाव्या सीटच्या खाली असते. तिच्या टोकांवर पांढरी बुरशी चढायची. दर रविवारी गोवर्धन ती सीट वर उचलायचा आणि चुलीवरचं कढत पाणी तांब्याने बॅटरीच्या टोकांवर ओतायचा. बुरशी विरघळून वाहून जाई आणि ती टोकं लख्ख चमकू लागत. वाहून कुठे जाई, हे बघायला तो कधी खाली वाकला नाही. हात पुसायचा आणि म्हणायचा, “काई नाई झालं गाडीले.”

हे त्याचं ठरलेलं वाक्य. गाडीने घाटात धूर ओकला तरी हेच आणि दारात बंद पडली तरी हेच.

त्या डाव्या सीटवर त्याची बायको माणिकबाई बसायची. तिच्या माहेरचं एक लग्न अकोल्याला होतं. नवं पातळ, हातभर बांगड्या, अशी ती नटून बसली होती. बडनेऱ्याच्या पुढे गेल्यावर ती म्हणाली, “ऐकलं का, माहे पाय वले होऊन राह्यले.”

गोवर्धनने रस्त्यावरची नजर न काढता निदान केलं. “एसीचं पानी असंन.”

“या गाडीत एसी कुठी हाय?”

ह्यावर गोवर्धनने हॉर्न वाजवला. तो खोकला. मूर्तिजापूरच्या फाट्यावर चहा प्यायला थांबले आणि परत येऊन चावी फिरवली, तर ‘टक्’. माणिकबाई खाली उतरली, पदर खोचला आणि त्या नव्या पातळात तिने लग्नाच्या आहेरासकट गाडीला धक्का मारला. गाडी हलली, पण सुरू झाली नाही. माणिकबाईचा पाय खड्ड्यातल्या चिखलात गेला. तेवढ्यात अकोल्याची एसटी आली. बाईने हात दाखवला, बस थांबली, आहेराची पिशवी घेऊन ती चढली आणि वळूनही न पाहता निघून गेली. गोवर्धन लग्नात पोचला तेव्हा शेवटची पंगत उठत होती. माणिकबाईने वाढून ठेवलेलं ताट त्याच्यासमोर सरकवलं आणि एवढंच बोलली, “आजपासून तुमच्या गाडीत मी बसत नाई.”

आणि ती बसली नाही. दवाखाना असो, बाजार असो, बाई एसटीने जायची. कधीकधी नवरा व्हॅन घेऊन आणि बायको बस घेऊन एकाच गावाला एकाच दिवशी जात. गोवर्धनला ह्याची लाज वाटायची, पण तो म्हणायचा, तिले बसचा शौक हाय.

रागिणीचं लग्न अकोल्यालाच झालं. जावई किशोर चांगला, शांत मुलगा, औषधांच्या दुकानात हिशेब पाहायचा. यंदा रागिणीला दिवस गेले आणि बघता बघता सातवा महिना आला. पहिलं बाळंतपण माहेरचं. ओटी भरून तिला वलगावला आणायची होती. गोवर्धनने मनात चित्र रंगवून टाकलं होतं. ज्या गाडीतून पोरगी कॉलेजला गेली, त्याच गाडीतून ती भरल्या पोटी घरी येणार आणि तो हळूहळू, एक खड्डा न लागू देता, तिला आणणार. ह्या एका गोष्टीपुढे त्याला बाकी सगळं फिकं वाटत होतं.

एका दुपारी रागिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, किशोर म्हनते टॅक्सी सांगतो म्हनून. तुमाले उगाच तरास.”

“तरास कायचा? आपली गाडी हाय ना.”



“बाबा, मूर्तिजापूरले माय उतरून गेली होती ना.”

“ते तवाची गोष्ट. आता काई नाई झालं गाडीले.”

“तुमी नेहमीच असं म्हनता,” रागिणी म्हणाली. रागाने नाही, अगदी हळू. “म्हनूनच मले भेव लागते.”

फोन ठेवल्यावर गोवर्धन निशिगंधाच्या वाफ्याच्या बांधावर जाऊन बसला. बायको बसत नाही, ते एक वेळ सोडा. नवराबायकोत असतं थोडं. पण पोटच्या पोरीला आपल्या गाडीची भीती वाटते, हे त्याच्या काळजाला लागलं. त्याला राग यायला हवा होता, पण राग कुणावर काढायचा तेच कळेना. गाडीला दोन शिव्या देऊन पाहिल्या. त्यानेही बरं वाटलं नाही.

शेवटी त्याने त्याच्या अकलेला सुचलं ते केलं. पोरीला निदान मऊ सीट तरी मिळावी म्हणून गाडीला नव्या गाद्या आणि कव्हरं शिवून घ्यायची ठरवली. म्हणजे गाडीचं दुखणं एकीकडे आणि ह्याचा इलाज तिसरीकडेच. बडनेऱ्याला त्याचा जुना दोस्त कुर्बान सीटकव्हरं शिवायचा. दोघांची ओळख फुलबाजारातली. कुर्बानच्या घरच्या प्रत्येक लग्नाचे सेहरे गोवर्धनच्या फुलांचे.

“भाऊ, धडाक्यात करून देतो,” कुर्बान म्हणाला. “बिटिया येऊन राह्यली, मंग फोम बी उमदा टाकू. पन सीट पुरी काढा लागंन.”

कुर्बानने डावी सीट आणि बॅटरी काढून बाहेर ठेवली. मग खालची जाड चटई उचलली. उचलताना ती भिजल्या पोत्यासारखी जड लागली आणि तिच्यातून पाणी निथळलं. गोवर्धन पानटपरीशी उभा राहून एका रिक्षावाल्याला त्याच्या इंजिनमध्ये काय बिघाड आहे ते समजावत होता.

“गोवर्धनभाऊ,” कुर्बानने हाक मारली, “जरा इकडं या. खुदा कसम, तुमच्या गाडीत पीक आलं.”

गोवर्धन वाकून बघतो तर काय, गाडीच्या पत्र्यावर बोटभर काळा चिखल साचलेला. वर्षानुवर्षं गळलेल्या पाकळ्या, माती, गोणपाटाचे धागे, सगळं कुजून त्याचं खत झालेलं. आणि त्या खतात, चटईच्या कडेच्या पोकळीत, झेंडूची रोपं उगवलेली. पिवळट, लांबुळकी, दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे एका अंगाला वाकलेली. चांगली ओळीने उभी होती बिचारी.

“शेतात तुमची उगवन कशी हाय यंदा?” कुर्बानने विचारलं.

“एवढी नाई,” गोवर्धन म्हणाला, कारण ते खरं होतं.

कुर्बान हसत हसत खालीच बसला. शेजारचा टपरीवाला आला, रिक्षावाला आला, सगळ्यांनी डोकी आत घालून झेंडू पाहिला. गोवर्धनला हसू आलं नाही. त्याच्या कानात मूर्तिजापूरच्या वाटेवरचं माणिकबाईचं वाक्य वाजत होतं. माहे पाय वले होऊन राह्यले. झारीचं पाणी मागून पुढे येत होतं. ब्रेक मारला की सगळं सीटखाली. त्यात दर रविवारचं ह्याचं तांब्याभर कढत पाणी, बॅटरीवरचा खार घेऊन, त्याच खळग्यात. गाडीत एसी नव्हता. गोवर्धन होता.

मग त्याची नजर त्या काळ्या जाड तारेवर गेली. तिचं एक टोक बॅटरीला लागायचं, तेच जे तो दर रविवारी चमकवायचा. दुसरं टोक खाली पत्र्याला बोल्टने आवळलेलं होतं. बॅटरीचा करंट गाडीभर फिरून परत येतो तो ह्याच तारेने, हे तो स्वतः लोकांना सांगायचा. ही अर्थिंग ढिली असली की दिवा, हॉर्न, वायपर, स्टार्टर, सगळे एकमेकांच्या वाट्याचं ओढतात, हेही सांगायचा. त्या रोपांच्या मुळ्यांमध्ये तो बोल्ट हिरव्या-पांढऱ्या खाराने फुगून बसला होता. गोवर्धनने बोट लावलं तर बोल्टचा अर्धा भाग पापडासारखा निघून आला.

त्याने आधी खात्री करून घ्यायचं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खात्री करावीशी वाटली. कुर्बानकडे दोन गाड्या जोडायची जाड केबल पडलेली होती. बॅटरी जवळ ठेवून तारा जोडल्या, ती केबल बॅटरीच्या वजा टोकापासून थेट इंजिनच्या लोखंडाला लावली आणि हॉर्न दाबला. गाडी असा काही टाहो फोडून वाजली, की टपरीवाल्याच्या हातातला चहा सांडला. उजवीकडचा दिवा लावून वायपर चालू केला. दोघेही बिनतक्रार चालले. चावी फिरवली, गाडी एका झटक्यात सुरू झाली.

नवा हॉर्न, नवी मोटर, खोललेला स्टार्टर, बदललेल्या बॅटऱ्या, सगळ्यांचा आजार एकच. आणि तो आजार कुणी झारीने आणि तांब्याने मोठ्या मायेने पाजून वाढवला होता ते सांगायची गरज नव्हती. गोवर्धन कुर्बानच्या दुकानाच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसला. “लोकाईच्या गाड्या तपासत फिरलो,” तो म्हणाला, “आन् घरच्या गाडीले पानी देत राह्यलो. म्हनजे शेतकरीच राह्यलो.”

त्या दिवशी त्याने पत्रा घासून लख्ख केला, नवी तार, नवा बोल्ट, वरून ग्रीस. चटई उन्हात टाकली. कुर्बान चिखल फेकायला निघाला तेव्हा त्याने ती रोपं मात्र मुळांसकट काढून एका डब्यात घेतली. का घेतली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी माणिकबाई भाकरी थापत होती. हे तिला सांगणं गोवर्धनला सरपंचांना धक्का मारायला लावण्यापेक्षा कठीण गेलं. त्याने डबा पुढे ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. एसीपासून सांगितलं, काही लपवलं नाही.

माणिकबाईने भाकरी तव्यावर टाकली. रोपांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. “म्हनजे माह्या पायाले समजलं होतं,” ती म्हणाली, “आन् तुमच्या कानाले नाई.”

“हो.”

नवरा इतक्या सहज ‘हो’ म्हणाला ह्याचंच तिला नवल वाटलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली. “मी बसतो तुमच्या गाडीत अकोल्यापर्यंत,” ती शेवटी म्हणाली. “पन पोरगी पोटुशी हाय. जातानी बंद पडली, त मी बसनं पुढं जाईन आन् रागिणी टॅक्सीनं येईन. मंग तुमी तोंडातून शब्द काढायचा नाई.”

गोवर्धनने कबूल केलं. पण त्याच्या मनात आता शंकेचं भूत शिरलं होतं. एका बोल्टने आपल्याला इतकी वर्षं फसवलं, तर बाकीच्या गाडीचं काय? त्याने रेडिएटरचं पाणी पाहिलं, ब्रेकचं तेल पाहिलं, पंख्याचा पट्टा दाबून पाहिला. मागे पडलेली स्टेपनी कित्येक दिवसांत कुणी हलवली नव्हती. तिच्यात हवेचा पत्ता नव्हता. तिला भरून आणली. जॅक गंजलेला, त्याला तेल दिलं. मग जे कधी केलं नव्हतं तेही केलं. अमरावतीच्या एका गॅरेजात जाऊन रांगेत गाडी लावली आणि मेकॅनिक तपासत असताना तोंड बंद ठेवून बाजूला उभा राहिला. तोंड बंद ठेवणं त्याला इतकं जड गेलं, की मेकॅनिकने विचारलं, काका, बरं वाटत नाही का.

निघायच्या दिवशी फुलं गाडीत नव्हती. माणिकबाई डाव्या सीटवर, नव्या गादीवर, पाय वर घेऊन मांडी घालून बसली. चपला पिशवीत. बडनेरा गेलं, तिने काही म्हटलं नाही. मूर्तिजापूरचा फाटा आला. गोवर्धनने चहाला थांबायची हिंमत केली नाही, पण माणिकबाईच म्हणाली, “थांबवा. चहा घेऊ.” परीक्षाच होती ती. चहा कसा लागला ते गोवर्धनला आजही आठवत नाही. परत येऊन चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. फाटा मागे पडल्यावर माणिकबाईने हळूच पाय खाली सोडले.

अकोल्याला विहीणबाई सुंदराबाईंनी घर भरून बायका बोलावल्या होत्या. ओटी झाली, जेवणं झाली, रागिणीच्या केसांत गजरा माळला गेला. दुपार कलली तशी सामानाची पिशवी दारात आली आणि किशोर हातात फोन घेऊन सासऱ्यासमोर येऊन उभा राहिला. टॅक्सीवाल्याला सांगून ठेवलं होतं, फक्त ये म्हणायचं होतं. किशोर संकोची मुलगा. त्याने अगदी आदराने विचारलं, “मामाजी, गाडी ठीक आहे ना?”

सगळं घर ऐकत होतं. रागिणी उंबऱ्याशी उभी, एक हात पोटावर. गोवर्धनच्या जिभेवर ते नेहमीचं वाक्य आलं होतं. काई नाई झालं गाडीले. येताना गाडी लोण्यासारखी आली होती, माणिकबाई साक्षीला होती, आता तर म्हणायचा हक्कही होता. पण समोर पोरीचे डोळे होते आणि ते वाक्य काही केल्या बाहेर पडेना.

“मले माहीत नाई, जवाई,” तो म्हणाला.

किशोरने हातातला फोन खाली घेतला.

“एक बिमारी सापडली. ते माहीच केलेली होती. म्या काढली. मेकॅनिकले बी दाखवली. आता येतानी बरी आली. पन पुढं काई होनारच नाई, असं म्या आतालोक म्हनत आलो. आता म्हनवत नाई.” आणि मग कसली बिमारी म्हणून सुंदराबाईंनी विचारलं तेव्हा त्याने झारी सांगितली, कढत पाणी सांगितलं, एसी सांगितला आणि शेवटी ओळीने उभा राहिलेला झेंडू सांगितला. बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. सुंदराबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. “इवाईबुवा,” त्या म्हणाल्या, “आमच्या दारात उगवत नाई, आन् तुमी गाडीत पिकवता.” किशोरसुद्धा हसला आणि मग कानकोंडा होऊन फोनकडे पाहू लागला.

“टॅक्सीची गरज नाही,” असं कुणी म्हणालं नाही. गोवर्धनही म्हणाला नाही. तो पोरीचं सामान उचलून टॅक्सीत ठेवायच्या तयारीने उभा होता आणि त्याला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, पण खोटं बोलल्यासारखं वाटत नव्हतं.

रागिणी पायरी उतरून खाली आली. “मी बाबाच्या गाडीत येतो,” ती म्हणाली.

“अगं पण आत्ता तेच म्हणाले ना, माहीत नाही,” किशोर म्हणाला.

“म्हनूनच येतो.” तिने व्हॅनचं मधलं दार सरकवलं. “बाबाले माहीत नसलं, म्हनजे बाबानं खरंच तपासून पाह्यलं असंन.”

परतीच्या वाटेवर गोवर्धनने गाडी अशी चालवली, की सायकलवाले मागून येऊन पुढे गेले. खड्डा दिसला की गाडी आधीच जवळजवळ थांबायची. मधल्या बाकावर उशीला टेकून रागिणी अर्धवट झोपली होती. “गाडीत वास येत नाई झेंडूचा,” ती मधेच म्हणाली. तिला ते जरा चुकल्यासारखं वाटत होतं. माणिकबाई म्हणाली, गाडीतला झेंडू घरी पायरीपाशी लावलाय, तिथं घे वास.

मूर्तिजापूर यायला थोडंच अंतर उरलं आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. मागून फडफड आवाज. गोवर्धनने गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि पुन्हा खिडकीशी आला. त्याचा चेहरा पडला होता, पण आवाज शांत होता. “पंक्चर हाय,” तो म्हणाला. “हे मात्र मले पक्कं माहीत हाय.”

रागिणी हसली. लिंबाच्या सावलीत गोणपाट अंथरून दोघी मायलेकी बसल्या. सुंदराबाईंनी बांधून दिलेल्या करंज्या निघाल्या. गोवर्धनने चाकामागे दगड लावले, जोर लावून नट ढिले केले, जॅकने गाडी उचलली आणि नट काढायला बसला. कपाळावरून घाम डोळ्यात जात होता. स्टेपनी टणक होती, त्याने ती निघायच्या आधी पुन्हा एकदा दाबून पाहिली होती. मागून एसटीचा आवाज आला. त्याला वळून पाहायचा धीर झाला नाही. ह्याच रस्त्यावर, ह्याच आवाजाने, त्याची बायको एकदा त्याला सोडून गेली होती. आज तिला दोष द्यायलाही जागा नव्हती. पोटुशी पोरगी उन्हात रस्त्याच्या कडेला बसली होती.

बस हळू झाली. जॅकवर चढलेली गाडी आणि झाडाखालच्या बायका पाहून कंडक्टरने दारातून डोकं बाहेर काढलं. “मावशी, अमरावती. येता का? जागा हाय.”

गोवर्धनचा पाना हातातच थांबला.

माणिकबाईने करंजीचा घास गिळला. बसकडे पाहिलं, चाकाशी उकिडव्या बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग तिने हात हलवून कंडक्टरला पुढे व्हा म्हणून खूण केली.

“जाऊ द्या तुमी,” ती म्हणाली. “आमची गाडी हाय.”

बस निघून गेली. गोवर्धनने खाली मान घालून उरलेले नट काढले, आणि त्याला जरा जास्तच वेळ लावला.